खोल पाणी की गवत

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. महाळुंग्यात एका शेतकरी कुटुंबाची मागची खोली मी भाड्याने घेतली होती आणि तिथून चालत जाता येईल अशा एका छोट्या कंपनीत उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे बनवत होते. काम होतं समुद्रातल्या गवताचं. उथळ, स्वच्छ पाण्याखाली वाळूवर खरंखुरं गवत उगवतं, त्याची कुरणंच्या कुरणं असतात. वरून ती काळपट डागांसारखी दिसतात. अडचण एवढीच, की खोल पाणीही वरून काळंच दिसतं.

दक्षिणेकडच्या एका किनाऱ्याजवळचा मोठा डाग मी गवत म्हणून हिरवा रंगवला. आमच्या साहेबांनी तो एका क्लिकमध्ये निळा केला. "खोल पाणी आहे हे. आणि तुमच्या सोलापुरात समुद्र कधीपासून आला?" सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "गवतच आहे."

"सिद्ध कर. सोमवारी नकाशा जातोय. नाही जमलं तर परत प्लॉटच्या हद्दी."

म्हणजे बिल्डरांच्या जमिनींच्या रेषा गिरवत बसायचं. ते मी वर्षभर केलं होतं. त्यापेक्षा गाशा गुंडाळून सोलापूर गाठलेलं बरं, असं मला वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी तणतणत घरी निघाले आणि वळसा वाचवायला घरमालकीणकाकूंच्या माळात घुसले. गवत कमरेएवढं. हे गवत राखलेलं असतं. कापणीपर्यंत त्यात माणूस नाही की जनावर नाही. मला शहाणीला हे ठाऊक होतं. पलीकडून काकू कडाडल्या, "ए पोरी! गवत राखलंय न्हवं? वाट कशापायी पाडतीस त्यात? लोळलेलं गवत इळ्यात घावत न्हाई!"

चुकलं म्हणत मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे माळभर एक फिकट रेघ उमटली होती, आणि मी जागीच थबकले. त्या डागात अशाच फिकट रेघा होत्या! चित्रातला दोष समजून मी त्या सोडून दिल्या होत्या. उथळ पाण्यातून होड्या जातात तेव्हा त्यांच्या इंजिनाचे पंखे गवत उपटत जातात आणि खालची वाळू उघडी पडते. खोल पाण्यात अशी रेघ कशी पडेल? काकूंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. मी मात्र त्यांचे पाय धरायच्या बेतात होते.

सोमवारी साहेबांना त्या रेघा मोठ्या करून दाखवल्या. मग त्याच जागेचं आधीचं चित्र उघडलं. त्यातही रेघा जागच्या जागी. होडीमागचा फेस असता तर कधीच विरून गेला असता. साहेबांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून पाहिली. शेवटी म्हणाले, "ठेव हिरवा. पण तिकडचे पाणबुडे उतरून बघणार आहेत. चुकलीस तर काय, ते माहीत आहे ना?"

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. फोन आला तेव्हा साहेबांनी स्पीकर लावला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, आणि त्यातून एक माणूस ओरडत होता, "पूरा घास है, सर! जिधर देखो, घास!"

मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचा वॉचमन वर आला. साहेबांनी फोन ठेवला, सगळ्यांसमोर "तिचंच बरोबर होतं" म्हणाले आणि पुढच्या किनाऱ्याची सगळी चित्रं माझ्या मशीनवर टाकली.

"यात खोल कुठं आणि गवत कुठं, ते आता तू ठरवायचंस," ते म्हणाले.

"ठरवते की," मी म्हणाले, आणि चेहऱ्यावरचा माज लपवायचा मी जरासुद्धा प्रयत्न केला नाही.