रुखमामामीचा नेम आणि साहेबांची कॅसेट

चंद्रभाननं टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मामीची थोडी टिंगल करायची, एवढंच. शुक्रवारची दुपार होती. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये रुखमामामी टीव्हीसमोर मांडी घालून कॉम्प्युटरवरचा गोळ्या मारायचा खेळ खेळत होती, आणि खेळता खेळता शेतातल्या मचाणावर बसल्यासारखी ओरडत होती. हे टेप करून संध्याकाळी मामांना ऐकवावं, म्हणून त्यानं पाच मिनिटं टेप फिरू दिली. मग कॅसेट बाहेर काढली, तिच्यावरचं नाव वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. तो खेळ ह्याच कॅसेटमध्ये होता. म्हणजे पाच मिनिटांपूर्वीपर्यंत होता.

तो कॉम्प्युटर म्हणजे रबरी बटणांची एक काळी पाटी. टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरला जोडायची आणि कॅसेट लावायची. पाच मिनिटं कर्कश किंचाळून झालं की खेळ पाटीत उतरायचा. वीज गेली की पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून किंचाळणं. आत उतरलेला खेळ परत टेपवर कसा चढवायचा, हे मामांकडे राहून शिकणाऱ्या चंद्रभानला सीताबर्डीच्या कॉम्प्युटर क्लासात अजून शिकवलं नव्हतं. ज्या मुलानं सावनेरच्या शाळेत कॉम्प्युटरचं फक्त चित्र पाहिलं, त्याच्याकडून तरी किती अपेक्षा करायची.

पाटी वरच्या मजल्यावरच्या कृष्णकांत साहेबांची. साहेब ज्युनिअर इंजिनिअर, आणि भाऊ मस्कतला. सासुरवाडीतल्या लग्नासाठी अमरावतीला जाताना त्यांनी ती चंद्रभानला सरावासाठी दिली, पण देताना कॅसेटच्या डबीतलं कार्ड आधी दाखवलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ४८६०, आणि खाली सही.

"हा कॉलनीतला सगळ्यात मोठा आकडा," साहेब म्हणाले. कॉलनीत पाटी एकच होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

"मले बी एक डाव खेळू द्या न," मामी म्हणाली.

साहेब हसले. "रुखमाबाई, हे भाकर थापणं नव्हे. नेम लागतो इथे. माझ्या पुढे गेलात, तर ह्याच कार्डावर माझ्या हातानं तुमचं नाव लिहीन. मी रविवारी सकाळी दहाला येतो."

"लिहाल मंग," मामी म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

साहेबांना माहीत नव्हतं की ही बाई नवव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत सावनेरकडच्या बापाच्या शेतात ज्वारी राखत होती. मचाणावर बसायचं, गोफण फिरवायची, पाखरांचे थवे परतवायचे. मारोतमामा तिला पाहायला बैलबंडीतून आले, तेव्हा थव्यावर सोडलेला एक दगड बंडीवरून गेला आणि मामांची टोपी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पडली. टोपी वाऱ्यानं पडली, असं मामा अजून म्हणतात. मामी नुसती हसते.

टीव्हीवर वरून रांगा करून उतरणारी ती चौकोनी भुतं पाहिल्याबरोबर मामीनं त्यांना ओळखलं. "हे तं पाखरंच आहेत गा चंदू. ह्यायले असं सरळ मारू नये. पाखरू जिथं जाणार, तिथं गोटा आधी जाऊन बसला पाहिजे." पहिल्याच दिवशी ती दोन हजारांवर गेली होती. चंद्रभान, क्लासात फी भरून शिकणारा, सातशेवर अडकला होता.

आता त्यानं रडवेल्या तोंडानं सगळं कबूल केलं. मामीनं बटणावरचं बोट काढलं नाही.

"म्हंजे हा खेळ आता कुठीसा आहे?"

"ह्या पाटीत. लाइट आहे तोवर."

"मंग लाइट जाणार नाही," मामीनं निकाल दिला.

त्या क्षणापासून घरात संचारबंदी लागली. इस्त्री बंद. पाणी तापवायचा रॉड बंद, कारण एकदा त्याच्यामुळे फ्यूज उडाला होता. पाटीला वीज पुरवणारा डबा तापायला लागला म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यावर लावला, तोही डिसेंबरात. संध्याकाळी मामा केंद्रातल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावरच्या कामावरून काळेभोर होऊन घरी आले, तेव्हा त्यांना थंड पाण्याची बादली दाखवण्यात आली.

"काहून वं, रॉड कुठी गेला?"

"रविवारपर्यंत नाही मिळत. आणि ऐका, तुमच्या तिथं सांगून ठेवा, दोन दिवस लाइट जाऊ देऊ नका म्हणा."

"मी कोळसा पोचवतो वं. लाइट पोचवणारे वेगळे आहेत."

"मंग कोळसा जरा जास्त टाका."

मामांनी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभान क्लासची वही उलटी धरून वाचत होता.

शनिवारी मामी ४७२० पर्यंत गेली आणि दारात दूधवाला आला म्हणून मेली. दूधवाल्यानं दोन दिवस तिच्या क्वार्टरसमोर सायकलची घंटी वाजवली नाही.

रविवारी सकाळची मालिका पाहायला शेजारपाजार नेहमीप्रमाणे खोलीत भरला. मालिका संपली, चॅनेल फिरवून पडद्यावर भुतं आणली, तरी एक माणूस उठलं नाही. दहा वाजता साहेब आले, अमरावतीचे लाडू घेऊन. चपला काढता काढता त्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला: ४३९०. त्यांनी लाडूंचा डबा तसाच छातीशी धरून ठेवला.

"रुखमाबाई, डावीकडून येतंय," ते थोड्या वेळानं म्हणाले.

"दिसून राहिलं मले," मामी म्हणाली. "तुम्ही बसा न, साहेब. लाडू वाटा."

४७००. ४८१०. त्या रांगेतली शेवटची दोन भुतं अगदी खाली आली होती. मामीनं गोळी मारली ती मोकळ्या जागेत. साहेबांच्या तोंडून 'गेलं' असं निघालं, तेवढ्यात भूत आपणहून त्या गोळीवर येऊन आदळलं. थोड्याच वेळात आकडा ४९३० झाला. मग मामीनं बटणावरून हात काढला आणि उरलेल्या भुतांना खुशाल मारू दिलं तिला.

साहेब शब्दाचे पक्के. त्यांनी डबा खाली ठेवून खिशातून पेन काढलं, कार्डावरचा स्वतःचा आकडा खोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ४९३०, सौ. रुखमाबाई. सही केली. मग बाह्या वर सारल्या. "सरका आता. माझा एक डाव."

त्याच वेळी न्हाणीघरात मारोतमामांनी, संचारबंदी उठली असं समजून, बादलीत रॉड टाकला.

टीव्ही फट्‌ करून विझला. सगळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं, का ते कुणालाच माहीत नव्हतं.

साहेबांनी इंजिनिअरच्या उत्साहानं स्वतः फ्यूज बांधला. लाइट आली. "लाव कॅसेट," ते म्हणाले. चंद्रभाननं कॅसेट लावली. पाटी मख्ख. साहेबांनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग आवाज तरी येतोय का बघू म्हणून टेपरेकॉर्डरमधून पाटीकडे जाणारी वायर उपटली. भरल्या खोलीत मामीचा आवाज दणाणला:

"हाऽ हुर्र. ते वरून टोपीवालं भूत चाललं पाह्य, चंदू, तो आपला साहेब आहे. सगळ्याइच्या वर, कामाचा काही नाही. थांब, त्याले आधी पाडतो म्या."

खोलीत कुणी हसलं नाही. म्हणजे मामा हसले, पण ते न्हाणीघरात होते.

मामीनं शांतपणे लाडवांचा डबा उघडला आणि एक लाडू त्यांच्याच पुढे केला. "बसा न, साहेब. चहा मांडतो."

साहेब बसले. चहाही प्यायले. निघताना चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अशीच कॅसेट भरून आणून दे. हाच खेळ पाहिजे."

"आठ दिवसांत आणतो, साहेब."

चंद्रभाननं सीताबर्डीत विचारलं, इतवारीच्या बाजारातही विचारलं. किंचाळणारी कॅसेट म्हटल्यावर तिथं एका दुकानदारानं त्याला भजनाची कॅसेट दाखवली, आवाज खूप मोठा आहे म्हणाला. क्लास संपला, चंद्रभानला नोकरी लागली, मस्कतच्या भावानं साहेबांना दुसरा मोठा कॉम्प्युटर आणून दिला. ते कार्ड मामीच्या आरशाच्या कडेला खोचलेलं आहे, आणि साहेबांचा खोडलेला आकडा उजेडाकडे धरला की अजून वाचता येतो. चंद्रभान दिवाळीला कोराडीला गेला की साहेब जिन्यातच गाठतात.

"काय चंद्रभान, माझी कॅसेट?"

"ह्या खेपेले राहिलीच, साहेब," चंद्रभान म्हणतो, आणि मामीच्या दारातून आत सटकतो.