धनुर्वात, मॅग्नेशियम आणि मायचा गुडघा

तुमच्या आईनं धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, सांगता येईल?

यवतमाळच्या इस्पितळात डॉक्टर मॅडमनी हेच विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. घट्ट मिटलेल्या दातांतून मायच पुटपुटली, "हे पोटात होती तवा." म्हणजे माझ्या जन्माआधी. सव्वीस वर्षं झाली.

"टिटॅनस आहे," मॅडम म्हणाल्या. "धनुर्वात."

दहा दिवसांआधी शेतात पऱ्हाटीचं, म्हणजे कापलेल्या कपाशीचं, धसकट तिच्या तळपायात घुसलं होतं. तिनं ते उपटलं, घरी येऊन जखमेत चुलीची राख दाबली आणि भाकरी थापायला बसली. आमच्याकडे बाया हेच करतात. जबडा आखडला तेव्हा आम्हाला दाढदुखी वाटली. दारव्ह्याच्या दातांच्या डॉक्टरकडे दोन दिवस गेले.

आयसीयूत व्हेंटिलेटर लागला, म्हणजे श्वास देणारं यंत्र. गळ्याला छेद देऊन नळी बसवली. दार आपटलं तरी तिचं अंग कमानीसारखं ताठायचं. झोपेच्या औषधांसोबत फेंटानिल सुरू होतं, ते अफूच्या जातीचं वेदनाशामक. डोस वाढत गेला. माय निपचित पडली की मला बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मॅग्नेशियम सल्फेट सुरू करतोय. मग फेंटानिल कमी करू."

बापाच्या मजूर-हक्काच्या पत्रकांवर वाढलेली मी, आता स्वतःही गावात पत्रकं वाटते. आवाज चढलाच. "मजूर बाई आहे म्हणून औषध आखडता काय?"

"आखडत नाही गं. फेंटानिलनं श्वास मंदावतो, आतडी थंडावतात. मॅग्नेशियमनं स्नायू सैल पडतात, मग फेंटानिल कमी पुरतं. दुखतंय वाटलं तर लगेच वाढवू. मला तिला यंत्रावरून उतरवायचंय."

मॅग्नेशियम सल्फेट हा एक क्षार. रक्तात जास्त झाला तर स्नायू लुळे पडतात. म्हणून सिस्टर ठरल्या वेळी मायच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारायची. पाय उडाला की ठीक. बाहेर बाकावर बसलेली माझी मावशी दर वेळी विचारायची, "उडाला का वं?"

एका सकाळी नाही उडाला. सिस्टरनं मॅग्नेशियमची ड्रिप थांबवली, रक्त तपासायला पाठवलं. मी आणि मावशी बाकावर. दोघींनी चहाला हात लावला नाही. दुपारी सिस्टर दारातून म्हणाली, "उडाला." मावशी हसली, "आता मलेच लाथ मारंल पाह्य."

ड्रिप कमी वेगानं पुन्हा सुरू झाली. झटके विरळ झाले. फेंटानिल उतरत गेलं, हळूहळू, मधेच एकदा वाढवावंही लागलं. सगळ्यांनाच मॅग्नेशियम असं मानवत नाही, हे मॅडमनी बजावलं होतं. चौथ्या आठवड्यात माय स्वतःचा श्वास घेऊ लागली.

मी मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "विचारत जा. फक्त ओरडू नको."

गळ्याची नळी निघाल्यावर माय घोगऱ्या आवाजात म्हणाली, "गावभर लसीचे कागद वाटत फिरतं तू. मले काहून नाही वाचून दाखवला?"

म्हणून हा कागद लिहिला. पहिल्यांदा तिलाच वाचून दाखवला.

हा कागद खाली ठेवा. घरातल्या मोठ्या माणसांना एकेक करून विचारा, शेवटचं इंजेक्शन कधी? दहा वर्षं उलटली असतील किंवा आठवत नसेल, तर उद्या त्यांना दवाखान्यात घेऊन जा. आणि जखमेत राख भरू देऊ नका.