सत्तावन्न नंबरची पेटी

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत त्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. हा माणूस ते मागच्या खिशात घालूनच हिंडायचा. कुणाच्या टेबलावर वर्तमानपत्र तिरकं पडलेलं दिसलं तरी जाता जाता त्याचा हात ते सरळ करून जायचा. नोकरीला लागला तो बाकांचे पाय ठोकायला आणि कपाटांच्या बिजागऱ्या बदलायला. पक्ष्यांचं विचाराल तर कोंबडी आणि कावळा यांतला फरक त्याला कळायचा, बस.

एक दिवस संस्थेचे म्हातारे प्राध्यापक त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात आले आणि त्यांनी कागदावर काढलेली एक पेटी त्याच्यापुढे ठेवली. वीतभर रुंद, दीड वीत उंच, पुढे रुपयाएवढं भोक, बाजूला उघडणारं दार.

"अशा एकशेसाठ हव्यात," ते म्हणाले. "आणि सगळ्या सारख्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या."

गाव वाढत चाललं होतं आणि संस्थेमागच्या रानातली जुनी झाडं एकेक करून पडत होती. त्या झाडांच्या ढोलीत काळ्या डोक्याचे, मुठीत मावतील एवढे पक्षी राहायचे. संस्थेत त्यांना टोपीवाले म्हणत. ढोली गेल्या तर ते पेटीत येतील, आणि पेटीत आले तर त्यांची अंडी मोजता येतील, पिल्लांचं वजन करता येईल, असा प्राध्यापकांचा हिशोब. तो बरोबर ठरला. पुढे बावीस वर्षं दर हंगामात कुणीतरी शिडी लावायचं, दार उघडायचं आणि मोजायचं. पेटी कुजली की गुण्या हुबेहूब तशीच नवी करून द्यायचा. लाकूड तेच, जाडी तीच. प्राध्यापक निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली. ती त्याला पहिल्यापासून काका म्हणायची, तो मात्र आता तिला मॅडम म्हणू लागला.

त्या वर्षी उन्हाळा महिनाभर आधीच येऊन बसला. एका दुपारी बिजागरी दुरुस्त करायला गुण्या शिडीवर चढला, दार उघडलं, आणि भट्टीचं झाकण काढावं तशी झळ तोंडावर आली. आत सात पिल्लं. पाच मेलेली. उरलेली दोन चोची उघड्या टाकून भोकाच्या दिशेने माना ताणत होती. तो खाली उतरला आणि त्याने शिडी पुढच्या पेटीला लावली. त्या आठवड्यात एकतीस पेट्यांत हेच निघालं.

"जाड खोडाच्या ढोलीत असती तर वाचली असती," तो घरी बायकोला म्हणाला. "पातळ फळीचं घर मी दिलं त्यांना."

"सांगितलं तसं केलंस तू," ती म्हणाली. पण त्याचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याच्या अंगणात दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एक नेहमीची. दुसरीला छपरावर छप्पर, मधे दोन बोटं जागा, पाठीला दुप्पट जाडीची फळी. दोन्हींत थर्मामीटर. सलग नऊ दिवस त्याने आकडे लिहिले. नवी पेटी चार अंशांनी थंड. वही घेऊन तो मॅडमकडे गेला.

तिने सगळं वाचलं आणि मान हलवली. "काका, बावीस वर्षं पेटी तीच आहे, म्हणून तर कळतं की बाकीचं बदललंय. उद्या पेटी बदलली आणि पिल्लं जगली, तर ऊन कमी झालं का पेटी सुधारली, हे मी कशावरून सांगू?"

"म्हणजे मोजायची आहेत म्हणून मरू द्यायची?"

तो वही तिथेच ठेवून निघाला.

दोन दिवसांनी ती स्वतः कारखान्यात आली, भुसा झटकून स्टुलावर बसली. "निम्म्या बदलू," ती म्हणाली. "ऐंशी तुमच्या, ऐंशी जुन्या. कुठली कुठे, ते चिठ्ठ्या टाकून. दोन हंगाम."

चिठ्ठ्या गुण्यानेच उचलल्या. पावसाळ्यात आणि थंडीत बसून ऐंशी दुहेरी छपरं केली. राहिलेल्या ऐंशींचं काय, हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. त्याची मुलगी नर्स होती. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे नव्या औषधाचंही असंच असतं. निम्म्यांना मिळतं, निम्म्यांना नाही. नाहीतर कळणार कसं?"

"आणि ज्यांना मिळत नाही, त्यांच्या तोंडाकडे तू बघतेस?"

"बघावंच लागतं," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात दुरुस्तीच्या फेरीत सत्तावन्न नंबरची पेटी त्याच्या वाट्याला आली. जुनी, पश्चिमेला तोंड, वर एक पान सावलीला नाही. आत सात पिल्लं, सगळी जिवंत, सगळी धापा टाकणारी. त्याच्या पिशवीत एक फळी होती. त्याने दोन खिळ्यांत ती पेटीवर तिरपी ठोकली. पिल्लं उडाल्यावर काढूनही टाकली.

नोंदी आल्या तेव्हा मॅडम हरखली. उन्हातल्या जुन्या पेट्यांत ही एकच अशी, जिच्यातली सातच्या सात पिल्लं उडाली. "इथे काहीतरी आहे, काका. वाऱ्याची दिशा असेल, खोडाची साल असेल. मी आठवडाभर इथेच मोजमाप लावणार आहे."

गुण्याने दोन दिवस तिला उपकरणं वाहून नेताना पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो झाडाखाली जाऊन उभा राहिला. "मॅडम, मोजू नका. फळी मी ठोकली होती."

तिने हातातली तार खाली ठेवली. "आणखी कुठे?"

"एवढीच. हवं तर सगळ्या झाडांवर चढून खिळ्यांची भोकं बघा."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं. तिने नोंदीतल्या सत्तावन्नवर रेघ मारली. मात्र उरलेला हंगाम त्याने दुरुस्त केलेली प्रत्येक पेटी मागून एक विद्यार्थिनी तपासायची. ते त्याला लागलं, पण त्याने मुकाट्याने शिडी धरली.

दोन हंगामांनी निकाल आला. जुन्या पेट्यांत शंभरातली सेहेचाळीस पिल्लं उडाली, नव्यांत एकाहत्तर. मग सगळ्या पेट्या बदलल्या. जुन्या नोंदींशी धागा राहावा म्हणून सावलीतल्या वीस तेवढ्या तशाच ठेवल्या. पण आणखीही एक निघालं. टोपीवाले आता सुरुवातीच्या वर्षांपेक्षा अकरा दिवस आधी अंडी घालत होते, आणि त्यांच्या पिल्लांच्या खाण्याच्या अळ्या त्याहूनही आधी येऊन संपत होत्या.

"अळ्या काही मला रंध्याने करता येणार नाहीत," गुण्या म्हणाला.

"मलाही नाही," मॅडम म्हणाली.

शोधनिबंध छापून आला तेव्हा घरी त्याच्या मुलीने त्याला एक ओळ वाचून दाखवली: देखभाल करणाऱ्याने सावली केल्यामुळे सत्तावन्न क्रमांकाची पेटी वगळली आहे.

"नाव घातलंय?"

"इथे नाही. शेवटी आभारात आहे. पेटीची रचना तुमची, असं लिहिलंय."

त्याने ते पान मागून घेतलं आणि दोन्ही जागा स्वतः पुन्हा वाचल्या. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. अजून दोन संस्था त्याच्याकडून पेट्या करून घेतात. ऑर्डर आली की तो आधी विचारतो, भर दुपारी तिथे किती तापतं. ते सांगता आलं नाही तर मोजून या म्हणतो, आणि तोवर लाकूड कापत नाही.