वाटीभर ताकाची चेटकीण

"मी कोर्टात येणार नाही. एकदा सांगितलं ना!"

"मग ताक कुणाला हवं होतं? 'दह्याशिवाय भात उतरत नाही, वसुधा.' कोण म्हणत होतं हे, मी?"

"हळू बोल. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे की! त्यांना मराठी कळतं होय?"

खाली म्हणजे फ्राउ टिमान, त्यांची घरमालकीण. काळा कोट, डोक्यावर हॅट, मांडीवर पर्स, अशी जिन्याच्या पायथ्याशी ताठ बसलेली. साडेनऊच्या बसनं कोर्टात जायचं होतं. शेजारचा हार्म्स तिला गावभर चेटकीण म्हणत सुटला होता, म्हणून तिनं त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. साल एकोणीसशे चोपन्न! जर्मनीतलं खेडं, घरोघर रेडिओ, गावात दोन ट्रॅक्टर, आणि चेटकीण.

झालं असं, की हार्म्सची एक गाय आटली. या शहाण्यानं जनावरांचा डॉक्टर नाही बोलावला, सुतार बोलावला. हा सुतार फावल्या वेळात चेटूक उतरवायचा. त्यानं गोठ्यात 'सैतानाच्या घाणी'ची धुरी दिली आणि फर्मावलं, "तीन दिवसांत जी दारी काही मागायला येईल, तीच ती!" सैतानाची घाण म्हणजे आपला हिंग. माडीवर वास आला तेव्हा वसुधाला वाटलं, अगंबाई, गावात कुणी आमटी फोडणीला टाकली की काय!

दुसऱ्याच दिवशी तिचं विरजण नासलं. वसुधाला जर्मन येत नव्हतं. तिच्या नवऱ्याला, श्रीरंगला, झकास येत होतं, पण साखरेवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसानं वाटी घेऊन परक्या दारात उभं राहायचं? छे! त्यानं फ्राउ टिमानला गळ घातली. ती बिचारी विरजणाला ताक मागायला हसत हार्म्सकडे गेली, आणि चेटकीण होऊन परतली.

तेव्हापासून पाववाला तिला सगळ्यांच्या शेवटी पाव देई. तिची अंडी कुणी घेईना. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली तरी ती गावाला 'पलीकडच्या गावची'च. नवरा लढाईत गेला, तिनं बीटं खणली, कोंबड्या पाळल्या, शिडी लावून स्वतः कौलं शाकारली. परदेशी जोडप्याला खोली द्यायला गावात ही एकटीच तयार झाली. वसुधाला ताप भरला तेव्हा रात्रभर पोटऱ्यांना ओली फडकी गुंडाळत बसली होती.

आता तिला एवढंच हवं होतं: श्रीरंगनं उभं राहून सांगावं, हिला मीच पाठवलं होतं.

"अगं, हार्म्सच्या शेतात माझे साखरेच्या बीटाचे वाफे आहेत. दोन वर्षांचं काम! त्यानं नांगर फिरवला तर? आणि अडाण्यांच्या भांडणात शास्त्रज्ञानं कशाला पडायचं?"

"वा, शास्त्रज्ञ! सासूबाई दिवेलागणीनंतर कुणाला विरजण देत नाहीत, तेव्हा कुठे जातं शास्त्र?"

"ते वेगळं."

"वेगळंच की! त्यांचं ते चेटूक, आपली ती रीत."

खालून हाक आली, "हेर डॉक्टर! निघायचं ना?" पदवी मिळायची होती, पण बाई आत्तापासूनच मान द्यायची.

श्रीरंग कठड्यावरून वाकला. काय ती भाषा, काय ते मार्दव! "जा, जा, फ्राउ टिमान... आल्झो, म्हणजे, आज नेमकं प्रोफेसरांनी बोलावलंय... न्यायाधीश समजूतदार असतात हो..."

 खालून पर्सची कळ लागल्याचा टक्क आवाज आला.

वसुधानं साडीवर कोट चढवला. फडताळातून तीच वाटी काढली, पदरानं पुसली.

"कुठे निघालीस? चार शब्द येत नाहीत तुला!"

"तीन पुरतात. इश्, बुटरमिल्श, बिटे. मी, ताक, कृपा करून. वाटी दाखवीन. न्यायाधीश समजूतदार असतात म्हणे."

"वसुधा, थट्टा पुरे. हार्म्सला कळलं तर माझं काय होईल? वसुधा! मी काय विचारतोय?"

जिना करकरला. खाली तिनं फ्राउ टिमानच्या हातात हात घातला, आणि दार लावायलाही न थांबता दोघी बसच्या दिशेनं चालू लागल्या.