थोरल्या गौरीभोवतीचं तेज

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, कारण यंदाच्या गौरीत मी जे करून बसले ते सांगताना मलाच धड बोलता येत नाही!

आमच्या सासूबाई टिटवाळ्याला मोठ्या दिरांकडे. खुब्याचं हाड मोडलेलं, पलंगावरून उठायचं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आमच्या कोपरच्या घरी गौरी मांडायला नव्हत्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, "सुमन, थोरलीच्या ओठांवर हसू असतं ना, तेवढं मला फोटोत दिसू दे. ते बघितल्याशिवाय सण झाल्यासारखं वाटत नाही गं."

झालं! मी नेमच धरला. फोटो मीच काढणार, आणि मोबाइलवर नाही! माझ्या लेकीनं, सईनं, मोठा कॅमेरा घेतला होता. महिनाभर तिच्या मागे लागून शिकले.

"आई, उजेड किती घ्यायचा ते तीन गोष्टींवर ठरतं. भोक केवढं उघडलं ते अ‍ॅपर्चर, किती वेळ उघडं ठेवलं ते शटर, आणि कॅमेरा उजेडाला किती हळवा तो आयएसओ."

"म्हणजे गॅस केवढा, किती वेळ, आणि डाळ किती लवकर शिजणारी?"

"आई! भारी!"

मी हवेतच! कहाण्यांच्या वहीत शेवटच्या पानावर सगळं लिहून काढलं. आकडा लहान तर भोक मोठं (हे उलटं कुणी ठरवलं देव जाणे!). शटर फार वेळ उघडं राहिलं तर हात हलून फोटो पुसट. आयएसओ फार चढवला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. सोळा सोमवारांची कहाणी पाठ असलेल्या बाईला यात काय जड?

पूजेचा दिवस उजाडला. कॅमेरा पहिल्यांदाच देवकार्याला लागणार होता. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी हळदकुंकू. मिक्सरला लावलं, फ्रीजला लावलं, यांच्या स्कूटरवर तर अजून डाग आहे. कॅमेऱ्याचं तेवढं राहून गेलं होतं. त्यालाही ओलं बोट टेकवलं, नमस्कार केला, आणि दाबलं बटण!

फोटो लालसर, धुक्यात बुडालेला.

सई केळीची पानं आणायला गेलेली. म्हटलं, घाबरायचं नाही, वही आहे! उजेड जास्त झाला असेल, म्हणून भोक बारीक केलं. फोटो काळोखला. शटर जरा वाढवलं, आयएसओ चढवला, पुन्हा बटण.

आणि काय सांगू! धुकं आवळत आवळत मधोमध आलं, आणि थोरलीच्या मुखवट्याभोवती लाल-पिवळं वलय उभं राहिलं! माझ्या अंगावर काटा.

तेवढ्यात शेजारच्या म्हात्रेकाकू आल्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि हातातली ओटी खालीच ठेवली. "अगो बाय! देवीनं तेज दिलंन गो तुला!"

"काकू, एक्सपोजर असेल..."

"तं तं काय नाय! पाया पर आधी!"

मी पडले. काकूंनी पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आणि मी? मी तोच सासूबाईंना पाठवला, खाली लिहून, 'आई, गौरी प्रसन्न झाल्या!'

दहा मिनिटांत हॉल बायकांनी भरला. मीही काय कमी! कुंकवाची कोयरी हातात घेऊन समजावतेय, "अकरावर ठेवलं की तेज दिसतं हं, दोनवर नाही दिसत." बायका माना डोलावतायत.

मग हुरूप येऊन मी आमच्या यांचा फोटो काढला. हे कोपऱ्यात गुपचूप पुरणपोळी खात होते.

फोटोत यांच्या टकलाभोवती तेच तेज!

म्हात्रेकाकूंनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे. "आता भावोजींच्या पन पाया परायचं काय?"

नेमका तेव्हाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. चेहरा उतरलेला. "सुमन, थोरलीला कावीळ झाली का गं? तेज राहू दे, हसू कुठाय तिचं?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उद्या विसर्जन. त्यांनी मागितलं होतं एक हसू, आणि मी पाठवली कावीळ!

तेवढ्यात सई पानं घेऊन आली. तिनं कॅमेरा उचलला, पुढून बघितला आणि मटकन खालीच बसली. "आई... लेन्सवर काय लावलंयस?"

"हळदकुंकू. का?"

"काचेवर?!"

"मग कपाळ कुठलं समजायचं त्याचं?"

हॉल हसून जो फुटला म्हणता! सईनं मऊ कापडानं काच हळूहळू पुसली, भोक पुन्हा मोठं केलं आणि कॅमेरा माझ्याच हातात दिला. "काढ तूच. नेम तुझा आहे."

श्वास रोखून बटण दाबलं. थोरली हसत होती! काठोकाठ, ओठांच्या कडेच्या खळीसकट.

फोटो टिटवाळ्याला गेला. कॉल अजून चालूच होता. सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, कितीतरी वेळ बघितला, आणि म्हणाल्या, "आता झाला माझा सण." मी पदरानं डोळे टिपतेय, तर पुढे काळजीनं विचारतात, "पण सुमन, कॅमेरा नवा आहे ना गं? हळदकुंकू लावलंस का त्याला?"

मी काही बोलायच्या आत अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "लावलं! लावलं!"