डाव्या शेगडीचं बटण

त्या दिवशी मी बटण बंद केलं होतं. हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगते. डाव्या शेगडीचं बटण शून्यावर फिरवलं, वरणाचं पातेलं वरच राहू दिलं आणि गल्लीच्या टोकाला एका बाईच्या ब्लाउजची मापं घ्यायला गेले. परत आले तर दारात बायकांचा घोळका, आत धूर, आणि वरणाचा कोळसा झालेला. घरमालकीणबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बटन बंद करायचं इसरलात की ओ." मी म्हटलं, केलं होतं. पण धुराने भरलेल्या खोलीसमोर उभी राहून बाई काय सांगते, ते कोण ऐकतं?

संध्याकाळच्या आत धाकट्या भावाचा फोन. तो शिरूर कासारला असतो. घरमालकीणबाईंनीच त्याला कळवलं होतं. "अक्का, बस झालं आता. ऐतवारी टेम्पो घिऊन येतो. सामान बांधून ठिव." नवऱ्याचं घर सोडून मी परळीत ही खोली घेतली आणि शिवणकामावर पोट भरायला लागले, तेव्हापासून तो असं काहीतरी निमित्त शोधतच होता. त्याचा माझ्यावर जीव आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या घरी गेले असते तर मी कोपऱ्यातली अक्का झाले असते. पोरं सांभाळणारी, पापड लाटणारी, कुणी आलं की आत जाणारी. ही खोली एवढीशी, पण तिचं दार उघडायचं की लावायचं हे मी ठरवत होते. ते मला सोडायचं नव्हतं.

रविवारला चार दिवस होते.

शेगडी विजेची होती, कारण गॅसचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर होतं आणि ते तिकडेच राहिलं. दोन लोखंडी तव्यांची, दोन बटणांची ही शेगडी मी स्वतः पसंत केली होती. परळीत राहून विजेवर भाकरी भाजायची नाही, तर कुठे भाजायची? इथल्या औष्णिक वीज केंद्राची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, म्हणजे त्या विजेवर आमचाही थोडा हक्क आहेच.

दुसऱ्या दिवशी शेगडी जुन्या साडीत बांधून बाजारातल्या दुकानात नेली. दुकानदाराने ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. "घरी माणूस न्हाई का? माणसाला पाठवा, त्येला समजून सांगतो."

"मग मी काय म्हैस आहे?" मी विचारलं.

तो हसला. "तसं न्हाई ताई. पर दुरुस्तीचं तुमाला काय कळणार? नवीच घ्या की."

मी गाठोडं उचललं आणि तरातरा घरी आले. मला राग आला की माझा हात चांगला चालतो. शिलाई मशीन बिघडली म्हणून मी ती आजवर कुणापुढे नेलेली नाही, मग ही शेगडी कोण लागून गेली? तिची पिन काढलेलीच होती. ती उपडी घातली, स्क्रू काढले, तळाचा पत्रा उचलला. आत वायरींचा गुंता. आमच्या धंद्यात उसवायच्या आधी खूण करतात, नाहीतर कुठली बाही कुठल्या खांद्याची ते समजत नाही. मी डावीकडच्या वायरींना लाल दोरे बांधले, उजवीकडच्यांना पिवळे, आणि पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा गाठी मारल्या.

आता दोष तव्यात की बटणात? दोन वस्तू सारख्या असल्या की एक सोय असते, त्यांची जागा बदलून बघता येते. पण मी आधी काय अक्कल पाजळली, तर वरच्या प्लॅस्टिकच्या मुठीच तेवढ्या इकडच्या तिकडे केल्या. पत्रा बसवून पिन लावली, दोन्ही मुठी शून्यावर, तरी डावा तवा तापलाच. म्हणजे तवाच गेला, असं म्हणत मी पिन ओढली आणि कपाळाला हात लावून बसले. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला शोभेची बटणं लावताना डोक्यात उजेड पडला. ब्लाउज घट्ट होतो म्हणून कुणी शोभेची बटणं बदलतं का? मी नेमकं तेच केलं होतं.

पुन्हा शेगडी उघडली. या वेळी मुठींखालचे आतले स्विचच काढून त्यांची अदलाबदल केली, दोऱ्यांच्या गाठी बघून एकेक वायर जोडली. दोन्ही तव्यांवर पाण्याची एकेक वाटी ठेवली, दोन्ही मुठी शून्यावर, आणि पिन लावली. डावीकडची वाटी गप्प. उजवीकडची थोड्या वेळाने गुणगुणायला लागली. दोष स्विचबरोबर उजवीकडे गेला होता. मी पिन ओढली आणि रिकाम्या खोलीत ओरडले, "बंद केलं होतं मी!"

तो स्विच काढून रुमालात बांधला आणि स्टेशनच्या मागे पाण्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेने भरून देणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेले. दोष कसा जागा बदलून शोधला, ते सांगितलं. त्यांनी तो फोडला, डोळ्यांजवळ धरला आणि मला दाखवला. "देखो बाई, मूठ फिरती, पन अंदर के पत्रे चिपक गए. बंद होताच नै. तुमारी गलती नै."

तुमची चूक नाही. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं, ना माहेरी ना सासरी. डोळे भरून आले. राख गेली असं सांगून मी ते पदराने पुसले.

"अदलाबदल करके किसने देखा?" चाचांनी विचारलं.

"मीच."

त्यांनी नवा स्विच माझ्या हातावर ठेवला. "तो ये नया भी तुमच बिठाव. और वो अर्थिंग का हरा वायर कसके बांदो, उसकू ढिला नै छोडने का."

रविवारी भाऊ टेम्पो आणि ड्रायव्हर घेऊन आला. मी त्याच्यासमोर डावी शेगडी लावली, चहा केला, मूठ शून्यावर फिरवली. चहा पिऊन झाल्यावर त्याने तव्याच्या वर हळूच तळवा धरला. तवा गार व्हायला लागला होता.

"बरं, झाली दुरुस्त," तो म्हणाला. "पर उद्या आनखी काय बिघडलं तर?"

"तर ते उघडीन."

"कावून हट्ट करायलीस अक्का? एकटी बाई, लोकं काय म्हणतील?"

"आईबाप उसाच्या फडात असायचे, तवा पाल्याच्या कोपीत तुला काखेत घिऊन भाकरी कोण थापायचं? नऊ वर्षांची होते मी. तवा कुणाला एकटी पोर दिसली न्हाई?"

तो बाहेर बघत पुटपुटला, "आता टेम्पो काय रिकामा नेऊ?"

मी खोलीभर नजर फिरवली. अर्धी खोली माझ्या लग्नातल्या डबल पलंगाने अडवली होती. नवऱ्याशी भांडून तो याच भावाने परत आणला होता आणि मोठ्या अभिमानाने इथे मांडला होता. इथे आल्यापासून मी त्याच्यावर एकदाही झोपले नव्हते, चटई टाकून खाली झोपायचे. त्याच्यावर गिऱ्हाइकांच्या कापडांचे गठ्ठे असायचे. मी ते गठ्ठे उचलून खाली ठेवले.

"ह्यो ने," मी म्हटलं.

"अक्का, ह्यो तुझ्या लग्नातला हाय."

"म्हणूनच ने."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग एक बाजू धरली. दुसरी मी धरली.

टेम्पो गेल्यावर मी खोली झाडली आणि शिलाई मशीन ओढत पलंगाच्या जागी, खिडकीखाली आणली. तिथे इतका उजेड येतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.