कासवाचा फासा

लेकीला केरळात समुद्री जीवांच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला होता. जागा घेतो की नाही, ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. साडेचार वाजले तरी हे हो म्हणेनात की नाही म्हणेनात. शिरपूरच्या आमच्या घरात त्या दिवशी मी एका जागी टेकले असेन तर शपथ! घासलेली भांडी पुन्हा घासली.

लेकीनं मात्र मैत्रिणीकडून आणलेला खेळ मांडला. दोघांपुढे एकेक पाट, त्यावर देवमासे, कासवं, प्रवाळ.

"हाई काय शे?" ह्यांनी विचारलं. मनात काही खुपत असलं की हे अहिराणीवर येतात.

"पप्पा, सगळे फासे एकदम टाकायचे. मग आळीपाळीनं एकेक उचलायचा. निळा देवमाशाला, हिरवा कासवाला. मोठा आकडा आधी उचलेल त्याचा."

तिला वाटत होतं, समुद्र हाताशी आला की पप्पा विरघळतील. मला वाटत होतं, अगं बाई, खेळ कसला करतेस, सरळ विचार ना!

आणि हे? दर वेळी चांगला फासा तिच्यासाठी ठेवून स्वतः एकचा नाहीतर दोनचा उचलायचे. दुधावरची साय असो की एसटीतली खिडकी, ह्यांनी लेकीसाठी सोडली नाही असं कधी झालंच नाही. शेवटी माझा तोल सुटला.

"अहो, खेळताय की पंगतीत वाढताय?"

ह्यांनी पुन्हा दोनचाच उचलला. मी घड्याळ बघितलं, गॅस पुसला, परत घड्याळ बघितलं.

पावणेसहाला शेवटचा डाव. लेकीच्या कासवाला हिरवा सहाच हवा होता, आणि नेमका तोच पडला. पाळी ह्यांची. बराच वेळ त्या फाशाकडे बघत राहिले. मग उचलला आणि आपल्या पाटावर ठेवला. तिथे त्याचा काही उपयोगही नव्हता.

"पप्पा! तो मला हवा होता!" लेक किंचाळली.

"माहीत आहे," हे म्हणाले. "तिकडं तुझ्यासाठी कोण सोडणार आहे? सवय कर आता. आणि फोन लाव त्यांना, सहा वाजतील."

लेक ह्यांच्या गळ्यात पडली. दिवसभर मी ज्या होकारासाठी तडफडत होते, तो मिळाला होता. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ह्यांचा इतका राग आला की वाटलं, मेलं नाही म्हणाले असते तर काय बिघडलं असतं!